न झिजलेली दोन चक्रं

"मग नवी साखळीच का सटकते, बुवा?"

"नवी हाय म्हणून."

रणधीर शिंत्रे बघतच राहिला. हे काय उत्तर झालं? कोल्हापुरातल्या तीन दुकानांत त्यानं हाच प्रश्न विचारला होता. तिन्ही ठिकाणी त्याला पंख्याखाली बसवून, चहा पाजून, भलं लांबलचक उत्तर मिळालं होतं. आणि इथं आंबेघळीच्या डोंगरावर एवढं चढून आल्यावर मोजून तीन शब्द!

तसा रणधीर साधासुधा माणूस नव्हता बरं का. स्वतःची फाउंड्री, वय पन्नास, पोट सपाट, मांड्या लोखंडी. डोंगरात चालवायची परदेशी सायकल. पंचक्रोशीतला एकही चढ त्यानं सोडला नव्हता, आणि चढलेला एकही चढ सांगितल्याशिवाय राहिला नव्हता. तो घाटातून खाली उतरायच्या आत बातमी गावात पोचलेली असायची. पोचवणारा तोच, वरून फोन करून.

आणि समोर बसलेले ते फिटरबुवा. कानात कुंडलं, अंगात भगवी कफनी, कफनीवर ग्रीसचे डाग. नाथपंथाची दीक्षा घेण्याआधी सत्तावीस वर्षं त्यांनी एका साखर कारखान्यात ऊस वाहून नेणारी साखळी सांभाळली होती. संसार सुटला, पान्यांची पेटी सुटली नाही. त्यांच्या गुरूंनीच म्हणे सांगितलं, ती पण घेऊन ये.

तेव्हापासून डोंगरात सायकल चालवणारे त्यांच्या मठावर थांबायचे. कोणी सायकल घेऊन यायचे, कोणी प्रश्न घेऊन. बुवा दोन्ही एकाच गोणपाटावर घ्यायचे.

"महाराज, जरा नीट सांगा ना," रणधीर म्हणाला.

"महाराज नगं. फिटर म्हण."

"बरं, फिटरबुवा. नीट सांगा."

"जुनी साखळी कुठाय?"

ती रणधीरच्या पिशवीत होती. बुवांनी ती भिंतीवरच्या खिळ्याला लोंबती सोडली. कफनीच्या खिशातून स्टीलची फुटपट्टी काढली आणि साखळीला लावली. एक टोक पिनीवर धरलं, दुसऱ्या टोकाशी डोळा नेला.

"बारा जोड्या बारा इंचात बसाय पायजेत. एक सूत वाढलीया."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ऐकायला काहीच नाही. पण साखळीच्या जगात तेवढ्यावर सगळं बिघडतं.

"एक सूतच ना?" रणधीर म्हणाला.

"येकदम न्हाई वाढत ती. हरेक पिन जराजरा झिजती, कुणालाच कळत न्हाई. तिच्यासंगं दातं बी झिजत्यात. त्या दोघांचं आपसात जमून जातं. आता त्या झिजल्या दात्यांवर तू नवी साखळी आणून घातलीस. ती तिथं बसंल कशी? जोर लावला की उडणारच."

"म्हणजे सगळंच बदलायचं. हात्तिच्या! मला शंका होतीच." रणधीरनं पिशवी उलटी केली. मागच्या चक्रांचा नवा संच, पुढची दात्यांची चकती, साखळी ताणून धरणारी दोन छोटी चाकं, सगळं नवंकोरं गोणपाटावर पडलं. "सामान तयार आहे. तुम्ही फक्त बसवा. रविवारी शर्यत आहे, आज गुरुवार."

मग तो जरा पुढे सरकला आणि आवाज खाली आणला.

"आणि बुवा... आणखी एक काम होतं."

"बोल."

"हिला जरा समजवा."

'ही' समोरच्या जांभळाखाली कट्ट्यावर बसली होती. संयोगिता शिंत्रे. शेजारी तिची साधी निळी सायकल उभी, मांडीवर पळसाच्या पानात करवंदं. एकेक करवंद तोंडात टाकत ती मठाच्या कुत्र्याशी काहीतरी बोलत होती. कुत्रं मन लावून ऐकत होतं.

"शर्यत जोडीची आहे," रणधीर सांगू लागला. "नवराबायकोची. दुसरा माणूस रेघ ओलांडेल तो जोडीचा वेळ. सगळ्या गावाला सांगून बसलोय मी, आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, आम्ही उतरणार. आणि परवा हिनं नाव मागे घेतलं! म्हणते, तुम्हाला जोडीदार नको, टाळ्या वाजवायला माणूस हवाय. आता बोला!"

बुवा गोणपाटावरचं नवं सामान ओळीनं मांडू लागले.

"रविवारी ही आली नाही, तर मी लोकांना तोंड कसं दाखवू?"

बुवांनी चकती साखळीच्या शेजारी सरकवली.

"आणि लोकांचं जाऊ द्या," रणधीर म्हणाला. इथं त्याचा आवाज थोडा खरा झाला. "परवापासून घरात नीट बोलत नाही ती. जेवायला वाढते, बोलत नाही. मला करमत नाही, बुवा."

बुवांनी पत्र्याचं घमेलं पुढे ओढलं, त्यात रॉकेल ओतलं आणि दात घासायचा एक जुना ब्रश रणधीरच्या हातात दिला. मागचं चाक उतरवून, पाना अडकवून, झिजलेल्या चक्रांचा संच त्यांनी दोन मिनिटांत मोकळा केला आणि घमेल्यात सोडला.

"धू," ते म्हणाले.

मठाचा हा रिवाज होता. ज्याची सायकल त्यानं धुवायची. कलेक्टर येवो नाहीतर कुलकर्णी मास्तर, ब्रश प्रत्येकाच्या हातात यायचा.

पण रणधीरला हसू आलं.

"अहो बुवा, हे तर फेकायचं आहे!"

"व्हय."

"मग फेकायचं ते धुवायचं कशाला?"

"फेकायच्या आधी वळख तरी करून घे."

आता काय करणार? बसला बिचारा उकिडवा. फाउंड्रीत चाळीस माणसं ज्याच्या शब्दावर हलायची, तो काळ्या रॉकेलात हात घालून दाते घासू लागला. कट्ट्यावरून संयोगितानं मान वर केली, बघितलं, आणि पुन्हा करवंदांकडे वळली. पण ओठ मुडपून. हसू येत होतं तिला.

चक्रं होती अकरा, लहानापासून मोठ्यापर्यंत उतरंडीसारखी. लहान चक्रांचे दाते घासून घासून मांजराच्या नखांसारखे वाकडे झालेले. मधल्यांची टोकं गेलेली. जसजशी मोठी चक्रं येऊ लागली तसतसे दाते बरे दिसू लागले. आणि शेवटची दोन, सगळ्यांत मोठी...

रणधीरनं ती उजेडात धरली.

दोन्ही कोरीच्या कोरी. कारखान्याचा काळा रंगसुद्धा शाबूत. चिखल धुऊन निघाला तशी ती दुकानातल्यासारखी दिसू लागली.

"बघा बुवा!" त्याची छाती फुगली. "सहा वर्षं झाली ही सायकल घेऊन. या दोन चक्रांवर साखळी एकदाही नेलेली नाही! एकदाही!"

"ही कशापायी दिल्यात कंपनीनं?"

"सोप्या गिअरची आहेत ती. चढावर पाय हलके फिरावेत म्हणून. ज्यांना दम निघत नाही त्यांच्यासाठी."

"म्हणजे माझ्यासाठी," कट्ट्यावरून आवाज आला.

"तसं नव्हतं म्हणायचं मला..."

"म्हणा की. मला काय त्याचं!" संयोगिता कुत्र्याला म्हणाली.

बुवांनी ती दोन चक्रं रणधीरच्या हातातून घेतली. बराच वेळ उलटसुलट करून बघितली. एका दात्यावरून अंगठा फिरवला, मग पुढच्या, मग त्याच्याही पुढच्या. रणधीर शाबासकीची वाट बघत राहिला.

"सा वर्सं..." बुवा म्हणाले.

"सहा वर्षं!"

"आन् कुणाच्या बरुबरीनं बी न्हाई चाललास?"

रणधीरला प्रश्न कळला नाही. कळला नाही असंच आपण म्हणू. त्यानं ब्रश खाली ठेवला आणि रॉकेलचे हात फडक्याला पुसत बसला. कट्ट्यावरची करवंदंही थांबली होती.

मग बुवांनी काम हातात घेतलं. नवा संच चढवला. पुढची चकती बदलली. छोटी चाकं घातली, फिरवून बघितली. नवी साखळी ओवली, कडी लावली, दोन थेंब तेल सोडून जास्तीचं पुसून काढलं. हात असे चालत होते की रणधीरही बोलणं सोडून बघत बसला. चांगलं काम बघताना त्याला चांगलं काम कळायचं, एवढा गुण त्याच्यात होता.

राहिली शेवटची गोष्ट, गिअरची वायर जोडायची. बुवांनी साखळी बोटानं ढकलत ढकलत सगळ्यांत मोठ्या चक्रावर नेली, वायर टणक ओढली आणि ॲलन की नावाच्या सहाकोनी किल्लीनं तिथंच आवळून टाकली.

रणधीरनं हँडलवरचा खटका दाबला. काही नाही. दुसरा दाबला. काही नाही. साखळी मोठ्या चक्रावर ठाण मांडून बसली होती.

"बुवा, गिअर बदलत नाहीत."

"न्हाई बदलणार."

"चुकलं वाटतं तुमचं काहीतरी."

"न्हाई चुकलं." बुवांनी डोंगराच्या माथ्याकडे हनुवटी केली. "वरच्या पादुकांवर जावा आन् या. दोघं बी."

पादुका तिथून तीन किलोमीटर, सगळी चढण. रणधीर ती अकरा मिनिटांत काढायचा. अकरा मिनिटं आणि चार सेकंद, हा आकडा त्याच्या फाउंड्रीतल्या चहावाल्यालाही पाठ होता.

"या गिअरवर? अहो, गोगलगाय पुढे जाईल!"

"जाऊ दे की."

संयोगितानं करवंदांचं पान कुत्र्यापुढे ठेवलं. कुत्र्यानं हुंगलं आणि तोंड फिरवलं. तिनं निळ्या सायकलवर टांग मारली.

"चला," ती म्हणाली. तीन दिवसांत नवऱ्याकडे सरळ बघून बोललेला हा पहिला शब्द.

पहिल्या शंभर मीटरमध्येच रणधीरची गंमत झाली. सवयीनं तो उभा राहिला, दात-ओठ खाऊन पॅडल हाणायला गेला, तर पाय गरगर गरगर फिरले आणि सायकल आपली सावकाश चाललेली. साखळी आता सटकत नव्हती, दाते नीट धरत होते, सगळं कसं लोण्यासारखं चाललं होतं. फक्त पुढे जाता येत नव्हतं.

पुन्हा जोर केला. पुन्हा तेच. शेवटी तो खाली बसला.

बघतो तर काय, संयोगिता शेजारी होती. हँडलला हँडल लावून.

"दमलात?" तिनं विचारलं.

"दमलो कुठं! दमायला मिळतच नाहीये."

ती खुदकन हसली. आणि मग बोलू लागली. संयोगिता चढावर बोलते, हे रणधीरला ठाऊकच नव्हतं. ती या झाडाला मोहर किती उशिरा येतो ते सांगत होती, त्या दगडावर घोरपड ऊन खात बसते ते सांगत होती, मध्येच दम खाऊन पुन्हा तिथूनच सांगत होती. सहा वर्षं दोघं या वाटेनं येत होते. रणधीरनं या वाटेवर पाहिलं होतं ते फक्त घड्याळ.

दुसऱ्या वळणावर एक धनगर बकऱ्या घेऊन आडवा आला.

"काय वैनी! आज मालक बी हाईत व्हय संगं?"

"हो रे बिरू. आज सापडले."

"मला वाटायचं, तुमी एकल्याच येता."

रणधीरनं हसून मान हलवली. या माणसाला त्यानं कधीच पाहिलं नव्हतं. म्हणजे शंभर वेळा त्याच्या शेजारून गेला असेल, पण पाहिलं नव्हतं.

पुढे रस्ता खडीचा झाला. एका अवघड वळणाशी संयोगितानं वेग कमी केला.

"इथं सांभाळून. इथं पडले होते मी."

"कधी?"

"फेब्रुवारीत. कोपर सोलवटलं. बिरूनंच उचललं, पाणी दिलं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही वर होता."

"खाली आल्यावर सांगायचं!"

"खाली आल्यावर तुम्ही तुमचा वेळ सांगत होता."

ती हे रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. रणधीरला रागाला उत्तर देता यायचं. पण ती सहज म्हणाली, घोरपड ऊन खाते म्हणाली तशी.

त्याला आठवलं. फेब्रुवारीत महिनाभर ही बाई लांब बाह्यांचे ब्लाउज घालून हिंडत होती आणि आपण विचारलं होतं, एवढी थंडी कुठं आहे? फार फार वाईट वाटलं त्याला. पाय मात्र थांबले नाहीत, हलके हलके फिरत राहिले.

"फार लागलं होतं?" त्यानं विचारलं.

"आता नाही काही."

"तसं नाही. तेव्हा..."

"तेव्हा लागलं होतं हो," ती म्हणाली.

वाळलेल्या गवतातून वारा येत होता. एक चढ संपला, दुसरा सुरू झाला, आणि निळी सायकल अन् परदेशी सायकल एकमेकींच्या पुढे गेल्या नाहीत.

पादुकांपाशी पोचल्यावर रणधीरचा हात सवयीनं घड्याळाकडे गेला. बेचाळीस मिनिटं! त्यानं बाही खाली ओढून घड्याळ झाकून टाकलं. संयोगितानं ते बरोबर पाहिलं.

दोघांनी पादुकांवर डोकं ठेवलं. एकाच बाटलीतलं पाणी प्यायले.

"सयू," तो म्हणाला. या नावानं त्यानं तिला हाक मारली त्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे. "रविवारचं राहू दे. नको तर नको. मी सांगतो लोकांना, माझ्यामुळेच राहिलं म्हणून."

संयोगितानं बाटलीचं झाकण लावलं. पुन्हा काढलं. पुन्हा लावलं.

"येते मी."

"खरंच?"

"येते म्हटलं ना! आता नाचू नका, पादुका आहेत समोर."

उतरताना गडी काय खुशीत! मठाच्या अंगणात शिरायच्या आधीच त्यानं घंटी बडवायला सुरुवात केली. कुत्रं भुंकत सुटलं. बुवा गोणपाटावर बसून पाने पुसून पेटीत लावत होते.

"बुवा! येते म्हणाली! रविवारी येते!"

"ब्येस झालं."

"सगळं कळलं मला, बुवा. आज डोळेच उघडले माझे. एकदाही पुढे गेलो नाही! विचारा हिला. एवढ्या संथ चालीनं या डोंगरावर आजवर कोणी चढलं नसेल!"

"झालं, हा पण विक्रम झाला," संयोगिता म्हणाली.

रणधीर मोकळेपणानं हसला. स्वतःवर हसायला तो नवा होता, तरी बरं जमलं त्याला. मग सायकल पुढे करून तो बुवांसमोर उकिडवा बसला.

"आता तेवढी वायर सोडा, बुवा. सगळे गिअर मोकळे करून द्या. काय आहे, रविवारी शेवटचा टप्पा सपाटीचा आहे. तिथं मी थोडा पुढे राहिलो, म्हणजे हिला माझ्या मागे वारा लागणार नाही, शिवाय वेळही..."

तो बोलता बोलता थांबला. बुवा त्याच्याकडे बघतच नव्हते.

त्यांनी पेटीतून ॲलन की काढली, कफनीला पुसली, आणि रणधीरच्या पसरलेल्या हातावरून पलीकडे नेऊन संयोगितापुढे धरली.

"लेकी, किती सोडायची ती तू बग."

संयोगितानं किल्लीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. मग पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधून ती सायकलच्या मागच्या चाकाशी बसली आणि कुठला बोल्ट म्हणून शोधू लागली.

"अहो बुवा!" रणधीर कासावीस झाला. "तिला गिअरमधलं काय कळतंय?"

बुवांनी पेटीचं झाकण लावलं...

"तुला कळत हुतं की. म्हणून तर एवढं झिजलं."